आठ रविवारांचा प्रोग्रॅम

साठी उलटल्यावर मी राजारामपुरीतल्या एका क्लासात सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला गेलो. उभा जन्म हायस्कुलात गणित शिकवण्यात गेला. निवृत्त झालो, वर्षभरात बायको गेली, आणि घरात दिवसभर हाक मारणारं कुणी उरलं नाही. एकटं वाटायचं, सरळच सांगतो. मुलगी बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत. रविवारी तिचा फोन यायचा; जेवलात का, गोळ्या घेतल्या का, की संपलं! म्हटलं, तिच्या कामातलं थोडं शिकलो तर बोलणं तरी लांबेल. तिला सांगितलं तर हसली. "पप्पा, आता सी कोण शिकतंय?" राग आला, पण गेलो.

शिकवणाऱ्या मॅडम लेकीच्याच वयाच्या. एक दिवस म्हणाल्या, "दोन ॲरे घ्या, म्हणजे आकड्यांच्या दोन रांगा. पहिलीतला पहिला आकडा दुसरीतल्या पहिल्याशी ताडून बघा, मग दुसरा दुसऱ्याशी. आकडे घरचेच आणा." पोरांनी मार्क आणले, क्रिकेटच्या धावा आणल्या. आमच्यात दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडायची बायकोची सवय. ती गेल्यावर मी रविवारच्या चौकोनात लेकीच्या फोनची मिनिटं लिहीत आलेलो. कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटते की! गेल्या वर्षीचे आठ रविवार पहिल्या ॲरेत घातले, यंदाचे तेच आठ दुसऱ्यात.

प्रोग्रॅम चालवला. स्क्रीनवर आठ ओळी आल्या. पहिला मोठा, पहिला मोठा, आठही वेळा तेच. हॅट्! म्हटलं, लूप अडकला असणार, एकाच जागेवर फिरत असणार. तसं नव्हतं. 'मोठा'चं चिन्ह उलटं करून 'लहान'चं केलं, तर एक अक्षर उमटेना. आकडे परत टाकले, दोनदा. आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या, आणि त्या दिवशी स्वतःची एक चूक सापडावी म्हणून जीव तोडून शोधत होतो. सापडली असती तर अख्ख्या क्लासला पेढे वाटले असते.

मॅडम आल्या, वाकून सगळं वाचलं. "काका, एकदम बरोबर हाय की! एक चूक न्हाय." शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नुसती मान हलवली.

"आता दुसऱ्या ॲरेतला सगळ्यात लहान आकडा शोधायचा प्रोग्रॅम लिहा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडं गेल्या.

त्याला प्रोग्रॅम कशाला लागतोय? परवाच्या रविवारचा होता तो. दोन मिनिटं.