चिवड्याचं अनफिट सर्टिफिकेट

नाव: शांताराम विष्णू पेडणेकर. वय: चौसष्ट. मूळ गाव: वेंगुर्ल्याजवळ, संपर्क नाही. हुद्दा: निवृत्त अवर सचिव, दक्षता विभाग, केंद्र सरकारचे एक मंत्रालय, ज्याचे नाव सदरहू व्यक्ती अजूनही चारचौघांत घेत नाही. सध्याचा मुक्काम: मुलाची सदनिका, सातवा मजला, गुडगाव. ओळखीची खूण: समोरचा माणूस खरं बोलत असला तरी मान डोलवत नाहीत. व्यसन: नाही. कुणाशी वैर: नाही, असे त्यांचे स्वतःचे म्हणणे, पडताळणी झालेली नाही.

पेडणेकरांची उभी नोकरी इतरांचं खोटं पकडण्यात गेली. सरकारी माणूस प्रवासभत्ता घेऊन कुटुंबासह कन्याकुमारी पाहून आल्याचं दाखवतो आणि प्रत्यक्षात मेव्हण्याच्या लग्नात मेरठला जिलब्या वाढत असतो. कुणी पाठदुखीचं सर्टिफिकेट देऊन घराला स्लॅब घालून घेतो. अशा माणसांना पेडणेकर समोर बसवून चहा देत. कन्याकुमारीला गेला होतात का, असं ते कधीच विचारत नसत. ते विचारत, ‘तिकडे मुलांनी जेवणाचा त्रास दिला असेल नाही?’ माणूस मुख्य प्रश्नाची तयारी करून येतो, बाजूच्या प्रश्नाची कुणी करत नाही. मेरठवाले तिथेच अडकत.

निवृत्तीनंतर दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि ते व प्रभावतीबाई गुडगावला मुलाकडे, कौस्तुभकडे आले. तेव्हा तिथे अर्ध्या इमारती उभ्या होत्या आणि अर्ध्या नुसत्या जाहिरातीत होत्या. मधल्या रेतीत कुत्री वाढत. त्यांतलंच एक पिल्लू नात मैत्रेयी फ्रॉकमध्ये गुंडाळून घरी घेऊन आली. पांढरा, तपकिरी, काळा, मधेच पिवळट असा त्याचा रंग पाहून प्रभावतीबाईंनी त्याला चिवडा म्हटलं. पेडणेकरांनी विरोध नोंदवला, तो कुणी नोंदवून घेतला नाही. पुढची पाच वर्षं ते त्याला ‘ते कुत्रं’ म्हणत आले आणि रोज सकाळी त्याला फिरवायलाही नेत आले. दुसऱ्या कुणी नेलं तर ते रस्त्यावरचं काहीबाही खाऊन येतं, असं त्यांचं निरीक्षण होतं.

दोन हजार दोन सालच्या दिवाळीनंतर कौस्तुभने सांगितलं की कॅनडाचं काम झालं. सून रसिकालाही तिकडे नोकरी मिळेल. मैत्रेयीला शाळेचं वर्ष फुकट जायला नको, म्हणून लवकर निघायचं.

“किती वर्षं?” पेडणेकरांनी विचारलं.

“दोन-तीन. अनुभव घ्यायचा आणि यायचं.”

“व्हिसाचं नाव काय म्हणालास?”

“पर्मनंट रेसिडेन्स. नुसतं नाव तसं आहे बाबा.”

पेडणेकरांनी मान डोलवली नाही.

परत कधी येणार, हे पुन्हा सरळ विचारणं त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं. त्यांनी बाजूने सुरुवात केली. मिक्सर नेणार का? नाही, तिकडे व्होल्टेज वेगळं. सोफा? तो तुम्हाला लागेल ना. पुस्तकं? राहू देत. एकेक उत्तर निर्दोष होतं, आणि सगळीच उत्तरं निर्दोष असली की पेडणेकरांची झोप उडे.

मग एके दिवशी दिल्लीहून प्लॅस्टिकचा एक मोठा पिंजरा घरी आला. विमानातून कुत्री नेतात तसला. रसिका त्यात बिस्किटं टाकून चिवड्याला आत बसायची सवय लावू लागली.

“हे पण जाणार?” पेडणेकर म्हणाले.

“म्हणजे काय बाबा, घरातला आहे तो,” रसिका म्हणाली.

त्या क्षणी त्यांच्या मनात केस तयार झाली.

सरकारी माणूस डेप्युटेशनवर गेला तरी मूळ पदावर त्याचा लीन, म्हणजे परतीचा हक्क, राहतो. खुर्ची रिकामी दिसली तरी ती त्याचीच असते. सरोजिनी नगरात हाच न्याय क्वार्टरांना लागू होता. बदली झाली की लोक बायकामुलं घेऊन जात, पण एक खाट, एक कुलूपबंद ट्रंक आणि कॉलेजात शिकणारा एखादा पुतण्या मागे ठेवत. ते परत येत. ज्यांनी खाट उचलली, त्यांची फक्त दिवाळीची कार्डं आली, तीही थोडी वर्षं. माणूस काय नेतो याला महत्त्व नाही, मागे काय ठेवतो ते पाहावं, असं पेडणेकरांचं पक्कं मत होतं. सोफा हा पुरावा नव्हे, सोफा कुणीही सोडतो. पण दोन वर्षांसाठी जाणारा माणूस कुत्रं नेत नाही. आणि कुत्रं मागे राहिलं, तर मैत्रेयी बापाला स्वस्थ बसू देणार नाही.

थोडक्यात, कौस्तुभचा लीन म्हणजे चिवडा होता.

त्यांनी विरोधाला सुरुवात केली. आधी तिकडच्या थंडीचा विषय काढला.

“अहो, ते केसाळ आहे,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “तुम्हीच डिसेंबरात तीन स्वेटर घालून फिरता.”

मग विमानातला अंधार काढला, मग तिथल्या बर्फावर टाकतात ते मीठ. रसिका ऐकून घेई आणि नवऱ्याकडे बघे. ज्याने पाच वर्षांत कुत्र्याला नावाने हाक मारली नाही, त्याला त्याच्या तळपायांची चिंता का लागावी, हे तिला कळेना. रात्री तिने कौस्तुभला म्हटलं, “बाबांना तो कंपनीला हवाय, सांगता येत नाहीये त्यांना.” हे पेडणेकरांनी बाथरूममधून ऐकलं आणि गैरसमज तसाच राहू दिला. तपास चालू असताना दुसऱ्या पक्षाचा गैरसमज दूर करू नये.

शेवटी एका मंगळवारी ते एकटेच नव्या मार्केटमधल्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. हा डॉक्टर टॉवर यायच्या आधी गावातल्या म्हशींचा होता. टॉवर आले, म्हशी गेल्या, आणि त्याने पाटीवर पामेरियनचं चित्र काढून घेतलं.

“कुत्ता कहाँ है?” डॉक्टरने विचारलं.

“घर पर. उसको हवाई जहाज में भेजना ठीक नहीं, ऐसा सर्टिफिकेट चाहिए.”

“दिल लिख दूँ या फेफड़ा?”

पेडणेकरांना राग आला. त्यांच्या काळात लोक निदान लाजत, इकडचं तिकडचं बोलत, मग विषयावर येत. या माणसाने पेनाचं टोपणसुद्धा आधीच काढून ठेवलं होतं. याच्यावर नजर ठेवायला हवी, असं त्यांनी मनाशी टिपलं आणि म्हणाले, “दिल.”

संध्याकाळी त्यांनी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. चिवड्याचं हृदय कमकुवत आहे, विमानप्रवास धोक्याचा आहे, असा इंग्रजी मजकूर होता आणि खाली शिक्का. कौस्तुभने तो वाचून रसिकाकडे दिला. ज्या माणसाने शेकडो असे कागद खोटे ठरवले त्याच्याच हातचा कागद खोटा असेल, ही शंका घरात कुणाला येणार?

शंका आली नाही, हीच पंचाईत झाली. मैत्रेयीने दुसऱ्या दिवसापासून चिवड्याला पळू देणं बंद केलं. लिफ्टपर्यंत ती त्याला उचलून नेई, आणि तो काही हलका नव्हता. त्याला तूपभात भरवी. चेंडू तिने कपाटावर टाकला. चिवडा, जो ठणठणीत होता, पिंजऱ्यात बसून सगळ्यांकडे आळीपाळीने पाहू लागला, जसा निलंबित कारकून पाहतो.

“आजोबा,” तिने विचारलं, “चिवड्याचं दिल बंद पडणार आहे का?”

“दिल नाही, हृदय म्हणावं,” पेडणेकर म्हणाले.

“हो. पण बंद पडणार का?”

त्यांनी वर्तमानपत्र उचललं. त्या दिवशी त्यांचा अग्रलेख वाचून झाला नाही.

रविवारी जेवताना रसिका सहज म्हणाली, “पण बाबा, कमाल आहे. तो डॉक्टरला चावला नाही?”

“नाही. शांत होता.”

“टेबलावर उभा राहिला?”

“राहिला की.”

कौस्तुभचा घास हातात राहिला. मागच्या वर्षी इंजेक्शनच्या वेळी चिवड्याला दोघांनी धरलं होतं, तरी त्याने कंपाउंडरची बाही फाडली आणि कौस्तुभच्या अंगठ्याला दात लावले. ती खूण अजून होती. प्रभावतीबाईंनी आमटीची वाटी खाली ठेवली.

“अहो, मंगळवारी ना? मंगळवारी तो दिवसभर माझ्या पायाशी होता. मी मेथी निवडत होते. तुम्ही कुठलं कुत्रं नेलंत?”

पेडणेकरांना पहिल्यांदा कळलं की मेरठवाल्यांना नेमकं कसं वाटत असेल. ती माणसं अशा वेळी पाणी मागत. त्यांनीही मागितलं. रसिकाने उठून दिलं, आणि ते पीत असताना कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हे त्यांना पाहण्यापेक्षा वाईट वाटलं.

“मैत्रेयी, तू आत जा,” कौस्तुभ म्हणाला.

“त्याला काही नाही ना झालेलं?” तिने विचारलं.

“काही नाही.”

ती कपाटावरचा चेंडू काढायला खुर्ची ओढत आत गेली.

“का केलंत बाबा?” कौस्तुभ म्हणाला. “हवा होता तर सांगायचं. ठेवला असता आम्ही.”

“मला कुत्रं नको आहे.”

“मग?”

मिक्सरवरून, शाळेवरून, मैत्रेयी तिकडे मराठी कोणाशी बोलणार त्यावरून, कुठूनही आत शिरता आलं असतं. पेडणेकरांना त्यांतलं काही सुचलं नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं, मुख्य प्रश्न विचारला.

“तुम्ही परत येणार नाही ना?”

कौस्तुभने आईकडे पाहिलं. आई शांतपणे ताटातल्या मिरच्या बाजूला काढत होती. तिने हा प्रश्न स्वतःला केव्हाच विचारून टाकलेला दिसत होता.

“नाही वाटत, बाबा,” तो म्हणाला. “मैत्रेयीची शाळा एकदा तिकडे सुरू झाली की... नाही. तुम्हाला हळूहळू सांगणार होतो.”

“तुम्ही पण यायचं की तिकडे, मग,” रसिका म्हणाली. “म्हणजे आमचं झालं ना सेटल, की लगेच.”

“बघू,” प्रभावतीबाई म्हणाल्या. त्या घरात ‘बघू’ म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पेडणेकरांच्या समोरचा माणूस खरं बोलत होता, आणि पुढे काय करायचं याचं त्यांच्याकडे काही नियमपुस्तक नव्हतं. खोट्याला नोटीस देता येते. खऱ्याला काय देणार? त्यांनी मान डोलवली.

“मग चिवड्याला घेऊन जा,” ते म्हणाले. “मागे ठेवून उपयोग नाही.”

त्यांनी त्याला नावाने संबोधलं, हे फक्त प्रभावतीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेडणेकर स्वतः त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले, साखळीला धरून, प्रत्यक्ष. डॉक्टरने कुत्र्याकडे पाहिलं, मग पेडणेकरांकडे.

“अब क्या लिखना है?”

“जो है वो लिखिए. पहले देखिए.”

डॉक्टरला हा प्रकार नवीन असावा. त्याने स्टेथोस्कोप शोधायला सगळे ड्रॉवर उघडले. पेडणेकरांनी चिवड्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि तपासणी पूर्ण होईस्तोवर सोडलं नाही. बाही पेडणेकरांची फाटली.

फेब्रुवारीत चौघं गेली: तीन माणसं वर, एक कुत्रा सामानाच्या कप्प्यात. विमानतळावर मैत्रेयी पिंजऱ्याशी हिंदीत बोलत होती. पेडणेकरांनी पिंजऱ्याची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि ट्रॉलीवाल्याला ‘सीधा रखना’ म्हणून बजावलं.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीने, आहुजासाहेबांनी, इंटरकॉमवर विचारलं की तुमचा डॉगी दिसत नाही, काय समजायचं? तोंडी उत्तर देणं पेडणेकरांना प्रशस्त वाटलं नाही. त्यांनी इंग्रजीत अर्ज केला. मराठीत त्याचा मजकूर असा होतो: उपरोक्त सदनिकेतील श्वान आता तेथे वास्तव्यास नाही, सबब त्याला दिलेली परवानगी रद्द समजावी. सदनिकेत सध्या दोन ज्येष्ठ व्यक्ती राहतात. सदनिकेचे मालक श्री. कौस्तुभ पेडणेकर हे सहकुटुंब तात्पुरते बाहेरगावी असून यथावकाश परततील, याची नोंद घ्यावी.

कौस्तुभ परतला नाही.