सईचं दूध आणि आमची बुरशीची लॅब

बुरशीला वाढायला थोडी ओल आणि बरंचसं दुर्लक्ष लागतं. आमच्या लॅबमधल्या किश्शांचंही तसंच. कामात असताना लक्षात येत नाही, आणि एक दिवस बघावं तर डबा भरलेला.

आमची लॅब शहरातल्या गारखेडा भागात आहे. जनावरांच्या खाद्यातल्या बुरशीचं विष तपासणं हे आमचं काम. माणसं तिघंच: साहेब, शबाना आणि मी. साहेब शांत, शबाना बोलकी आणि मी घाबरट. पूर्वी एवढी नव्हते. पण हे विष खाद्यातून गाईम्हशीच्या पोटात जातं आणि तिथून रूप बदलून दुधात उतरतं, हे मला नोकरीनं शिकवलं. आणि माझी दोन वर्षांची सई दुधावरच वाढते आहे.

*

वैजापूरकडचे एक पोल्ट्रीवाले काका मक्याचा नमुना घेऊन आले. कोंबड्या पटापट मरत होत्या. साहेबांनी पिशवी उघडली, तर दाणे मोत्यासारखे. एक काळा नाही, एक किडका नाही.

"काका, हाच मका कोंबड्यांना घालता?"

"व्हय. धुऊन, वाळवून, निवडून आणलाय. दोन दिस घरच्या बाया बसल्या व्हत्या."

"अहो, पण निवडलेलं काय तपासणार आम्ही? बुरशीचं पाहिजे होतं."

काका दुखावले. "सायब, पाव्हणा यायचा म्हणल्यावर घर झाडत नाय का माणूस?"

*

लासूर स्टेशनच्या एका आडत्याच्या मक्याचा रिपोर्ट खराब आला. एक अब्ज भागांत पन्नास भाग विष. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि समाधानानं घडी घातली.

"अब्जात पन्नास? म्हणजे बाकीचा समदा माल चांगलाच की."

साहेबांनी समजावून सांगितलं की एवढंसं विषही रोज पोटात गेलं तर जनावराचं लिव्हर खराब होतं, वाढ खुंटते, दूध आटतं. आडते ढिम्म. शेवटी साहेब म्हणाले, "शेठ, चहात एकच माशी पडली तर काय करता?"

"काढून टाकतो अन् पितो."

साहेबांनी त्या दिवशी दुपारचा चहा घेतला नाही.

*

शेंगदाण्यालाही ही बुरशी धरते. त्यामुळे शहागंजच्या बाजारात दाणे घेताना मी एकेक दाणा सोलून, दुभंगून, आतून बघते. शबाना शेजारी उभी राहून ओळख नसल्यासारखं दाखवते. एकदा दुकानदार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग तिला म्हणाला, "बाजी, ये मॅडम फल्ली लेरे कि फल्ली का ऑपरेशन कररे?"

शबाना म्हणाली, "ऑपरेशन हो गया भाई. अब पेशंट पाव किलो तोल दो."

*

लॅबमध्ये एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आहे. अंधारात मक्यावर धरला की बुरशी लागलेले दाणे हिरवट-पिवळे चमकतात. मी तो एकदा घरी आणला. स्वयंपाकघराचे पडदे लावून पीठ, डाळी, मसाल्याचा डबा सगळं तपासलं. काही चमकलं नाही. एवढ्यात सई दुडुदुडु आत आली आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लख्ख चमकली.

मी एमएस्सी आहे. हे सांगायची सोय उरली नाही, कारण मी त्याच क्षणी साहेबांना फोन लावला होता.

"रंग कोणता?" त्यांनी विचारलं.

"निळसर पांढरा."

"फ्रॉक कशात धुता?"

मी पावडरचं नाव सांगितलं.

"कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरमध्ये चमक घातलेली असते. मुलगी पास आहे. टॉर्च उद्या परत आणा."

*

तरी दुधाचं माझ्या मनातून जाईना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी तीनदा उकळते."

"आई, हे विष उकळून जात नाही."

"मग नासवून पनीर करू?"

"पनीरमध्ये तर जास्तच उतरतं."

त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर काहीच करता येत नाही असलं शिकलीस तरी कशाला?"



*

आमच्याकडे आसारामदादांच्या दुधाचा रतीब होता. शहराबाहेर त्यांचा गोठा आहे, दोन म्हशींचा. पावसाळ्यात ढेप, म्हणजे सरकीची पेंड, ओली होते आणि बुरशी धरते. त्यांची ढेप कशी असेल या विचारानं मी रतीब बंद केला आणि सईला डेअरीच्या पिशवीचं दूध सुरू केलं. पंधरा दिवस ती तेच पीत होती. मग मलाच वाटलं, न बघता माणसावर संशय घेणं बरं नाही. रविवारी मी गोठ्यावर गेले.

गोठा स्वच्छ होता. फळ्यांवर पोती रचलेली, खाली ओल नाही. मी मूठभर ढेप घेतली, वास घेतला, फोडून बघितली. एकदम कोरडी, चांगली. मला माझीच लाज वाटायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यात दुसरी पोती दिसली. तोंडं उघडी, आत हिरवी-काळी बुरशी, हात लावला तर धूर उडावा तशी.

"दादा, हे काय?"

"ते व्हय? ते तुमच्यासाठी नाय, ताई. रतिबाचं दूध ह्या म्हशीचं, गोरीचं. तिला चांगलीच ढेप घालतो, आपली सई पीत व्हती ना. ती खराब ढेप त्या दुसरीला."

"आणि तिचं दूध?"

"ते डेअरीला जातं." त्यांनी गोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही बिनघोर रहा. तिथं कोणाचं लेकरू वळखीचं नसतंय."