स्पीकरमधलं घुबड

ऑपरेटरबाईंची एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. ही पिन इथे, ती तिथे, की दोन माणसं बोलायला मोकळी. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. वायर नाही तिथे जोडणी नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

त्यामुळे लेकीने काडेपेटीपेक्षा जराशी मोठी एक काळी डबी पाठवली, तेव्हा बाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"आई, बाबांच्या स्टिरिओला लाव ती," लेक फोनवर म्हणाली. "मोबाइलमधली गाणी त्या मोठ्या स्पीकरवर वाजतील. वायर लागत नाही."

"मग गाणं येणार कुठून? चालत?"

"हवेतून येतं, आई. तू लाव तर खरी."

नवरा गेल्यापासून स्टिरिओ मुका होता. कमरेएवढ्या उंच दोन लाकडी स्पीकरांपैकी एकावर फुलदाणी बसली होती, दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे. बाईंनी दोघांना उठवलं, ॲम्प्लिफायर पुढे ओढला, धुळीने चार शिंका दिल्या. पण मागे लाल आणि पांढरं भोक दिसलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. डबीला निदान एवढ्यापुरती तरी वायर होती. लाल पिन लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. डबीवर निळा दिवा लुकलुकू लागला. मोबाइलच्या यादीत डबीचं नाव आलं, त्यावर बोट टेकवलं, आणि खोलीभर गाणं उमटलं. बाई खुर्चीत बसल्या त्या पाच गाणी संपल्यावरच उठल्या.

तीन दिवस असे मजेत गेले. चौथ्या दिवशी दुपारी त्या मटार सोलत होत्या, आणि उजव्या स्पीकरमधून घुबड घुमलं.

बाईंचे मटार जमिनीवर. घुबड पुन्हा घुमलं, या वेळी इतकं मोठ्याने की खिडकीच्या काचा थरथरल्या. एवढी वर्षं बंद असलेला स्पीकर, त्यात कोणी घरटं केलं नसेल कशावरून? बाईंनी टॉर्च आणली, गुडघे टेकले आणि स्पीकरच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं. तोच आत कोणीतरी टकटक टकटक करायला लागलं आणि मग एक सभ्य पुरुषी आवाज म्हणाला, "हा सुतारपक्षी होता. पुन्हा ऐका."

बाई टॉर्च विझवून उठल्या. स्पीकरमध्ये घुबड राहू शकतं, पण ओळख करून देणारा गृहस्थ मावणं शक्य नाही. हा प्रकार त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. क्रॉस कनेक्शन. कोणाचा तरी फोन त्यांच्या डबीला येऊन चिकटला होता.

कोणाचा, याचा विचार चालू असताना पक्षी गप्प झाले आणि दोन मिनिटांत दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी उभे होते. इमारतीत सूचना फलकावर जे काही लागे, ते यांच्याच सहीने. पायपुसणी जिन्यात झटकू नयेत. दारं आपटू नयेत.

"बाई, तुमच्या खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे," ते म्हणाले. "तुम्ही पक्षी पाळलेत म्हणे. नियमात बसत नाही."

"या, बघून घ्या."

सेक्रेटरींनी स्वयंपाकघर पाहिलं, बाल्कनी पाहिली, पलंगाखालीही वाकून पाहिलं. पक्षी सोडा, पीससुद्धा नाही. ते ओशाळून वर गेले, आणि त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज येतो न येतो तोच स्पीकरमध्ये कोंबडा आरवला.

दुसऱ्या दिवशीही तेच. पक्षी ओरडले, मग थांबले, सेक्रेटरी आले, गेले, पक्षी पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना हाताने धरूनच बसवलं.

"साहेब, तुम्ही आलात की माझे पक्षी बसतात, गेलात की उठतात. तुमच्याकडे असली एखादी वस्तू आहे का?" त्यांनी काळी डबी दाखवली.

सेक्रेटरी चाचरले. "डबी नाही. छोटा स्पीकर आहे, याच कंपनीचा. पण आल्यापासून बिघडलेला. आवाज पूर्ण वाढवला तरी ढिम्म, वर ऐकू येतात ते तुमचेच पक्षी. हे पाहा, मी असा लावतो..."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि बोट टेकवलं. त्यांच्या कानाशी, कमरेएवढ्या स्पीकरमधून, खंड्या किंचाळला. सेक्रेटरी खुर्चीतून वीतभर उडाले.

"हा खंड्या होता," गृहस्थ म्हणाला. "पुन्हा ऐका."

"नको," बाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. तळहाताकडे बघत ते हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं दुर्बीण घेऊन हिंडलो. आता डॉक्टर म्हणतात, नजर उतरत जाणार. म्हटलं, दिसतंय तोवर कानांनी ओळखायला शिकून घ्यावं. घरी अजून सांगितलेलं नाही."

बाईंचं हसू थांबलं. सांत्वनाचे शब्द त्यांना कधीच नीट जमले नव्हते, जोडणी जमायची. "वर चला," त्या म्हणाल्या. "दोन्हींचं नाव एकच आहे, म्हणून फोन फसतोय. वेगळी नावं देऊ."

वर जाऊन बाईंनी सेक्रेटरींचा स्पीकर चार्जिंगला लावला, कारण तो बिघडलेला नव्हता, नुसता उपाशी होता. त्याचं नाव ठेवलं 'दुर्बीण'. सेक्रेटरींच्या बायकोने चहा आणला आणि विचारलं, हे काय चाललंय? बाईंनी सेक्रेटरींकडे पाहिलं. कपाच्या कडेवरून बोट फिरवत सेक्रेटरींनी बायकोला सगळं सांगितलं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मग मलाही शिकवा. तुम्ही ऐका, मी बघून सांगेन बरोबर आहे का."

पंधरा दिवसांनी दोघं खाली आली. छोट्या स्पीकरवर सगळे पक्षी डब्यात कोंडल्यासारखे ओरडतात, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हापासून रविवारी सकाळी बाई स्वतःच डबी त्यांच्या फोनला जोडून देतात. तिघं डोळे मिटून बसतात आणि गृहस्थ सांगायच्या आत नाव कोण घेतो याची चढाओढ लागते. कोकीळ आणि पावशा यांत बाईंचा हमखास गोंधळ होतो. सेक्रेटरी सहसा चुकत नाहीत.