फळीवरची रेघ

रिसॉर्टच्या होडीत आम्ही दोघेच पाहुणे गळ टाकून बसलो होतो. वारा तोच, गढूळ पाणी तेच, आमिषाची कोळंबीही एकाच डब्यातली. तरी शेजारच्या गृहस्थांना तिसरी तांबोशी मासळी लागली आणि माझ्या पोटात दुखलं.

मग एकदाची माझ्याही गळाला एक लागली. इथला नियम असा, की मापाच्या फळीवरच्या रेघेपर्यंत न पोचणारा मासा परत सोडायचा. माझी बोटभर कमी पडली. मी हळूच तिचं शेपूट ओढलं. होडीवाल्या तात्यांनी ते नेमकं पाहिलं.

"ओढून मासो वाढणा नाय. सोडा तिका, मोठी होऊंदे."

तात्यांनी तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, ती हलेपर्यंत थांबले, मग सोडलं.

मीही आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या रेघेला बोटभर कमीच पडत आलो. पण मोठा हो म्हणून असं दोन्ही हातांनी मला कुणी परत सोडलं नव्हतं.

दुपारी जेवताना त्या गृहस्थांनी आपल्या तांबोशीचा तुकडा आग्रहाने माझ्या ताटात वाढला. चव उत्तम होती. हेवा मात्र मला त्या सुटलेलीचाच वाटत राहिला.