काकांचं रिकामं पातेलं

जगात फुकट काही मिळत नाही, असं सगळे म्हणतात. आमच्या शेजारच्या काकांचं म्हणणं बरोबर उलटं. जे घेण्यासारखं आहे ते सगळं फुकटच मिळतं, आणि जे विकत मिळतं ते नाही घेतलं तरी चालतं. या एका मतावर त्यांनी अख्खं आयुष्य काढलं, आणि त्या मतापायी आमच्या आळीतल्या बायकांना जेवढं छळलं तेवढं पाणीटंचाईनेही छळलं नसेल. काका ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे. मोहोपाड्याच्या एका कंपनीत बॉयलरवर नोकरीला आले, खालापूरच्या बाजारात भाताचं बियाणं घ्यायला आलेल्या आमच्या गावच्या मुलीला बघितलं, आणि तिथेच विरघळले. लग्न करून सासुरवाडीतच, पाताळगंगेच्या काठाला, आमच्या घराला लागून घर बांधलं. ती गावची लेक म्हणून आम्हा पोरांची आत्या, आणि हे अख्ख्या गावाचे जावईबापू. नोकरीत असताना ते वाफेकडे बघत बसायचे, निवृत्त झाल्यावर नदीवरच्या धुक्याकडे बघत बसायला लागले. फरक एवढाच, की आता कंपनीतल्या लोकांचा जीव टांगणीला लागत नाही.

काकांच्या तोंडात ‘कृपा’ हा शब्द इतक्यांदा यायचा की लहानपणी मला ती त्यांची बहीण वाटायची. माणूस तरतो तो कृपेने, विश्वासाने. आपल्या कष्टाने नाही, पुण्याने तर नाहीच नाही. हे ते नदीवर गळ टाकून बसले की मला समजावून सांगायचे, आणि तेवढ्यात मासा आमिष खाऊन निघून जायचा. “जाऊ दे,” काका म्हणायचे, “त्याला तरी कुठे लायकी बघून दिलं होतं?” त्यांच्या परसात एक आंब्याचं झाड आहे. लावल्यापासून त्याने एक कैरी धरलेली नाही. माझ्या वडिलांनी किती वेळा सांगितलं, जावईबापू, तोडा आणि दुसरं लावा. पण काका रोज त्याला कळशीभर पाणी घालणार, आणि वर बुंध्यावरून हात फिरवून “घाई नाही रे बाबा” म्हणणार. बाकीची झाडं वाऱ्यावर सोडलेली. का, तर ती फळं देतात, त्यांना काय काळजी! बसमध्ये कुणाला जागा करून दिली आणि त्याने आभार मानले की काका कावरेबावरे व्हायचे. आभार मानले की हिशेब झाला, असं त्यांना वाटायचं.

पण खरा गोंधळ भांड्यांचा. आमच्याकडे शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. खीर आली, तर पातेलं धुऊन त्यात मूठभर तांदूळ, चार मिरच्या, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर घालूनच द्यायचं. काकांना हे साफ नामंजूर. “अगं, तुझ्या आईने प्रेमाने खीर दिली. मी पातेलं मिरच्या घालून परत केलं की झाला व्यवहार! देवाची कृपा अशी मिरच्या देऊन फिटते होय?” मग ते पातेलं लख्ख घासायचे, सगळ्या आळीला दिसावं म्हणून उपडं धरून आमच्या पुढच्या दारी यायचे आणि आईपुढे ठेवायचे. “घ्या वहिनी. रिकामं आहे. पूर्ण रिकामं.” पाटीलकी दिल्यासारखा थाट! आई पदर तोंडाला लावून आत पळायची. कारण तोवर आत्या मागच्या दाराने येऊन गेलेली असायची. पदराखालून वालाच्या शेंगा नाहीतर चार कोकमं चुलीपाशी ठेवायची आणि म्हणायची, “वहिनी, ह्यांना नका हां सांगू. त्यांचा देव रागावला तर मी बगून घेईन.” साऱ्या आळीत असंच चाललेलं. माहीत नव्हतं ते फक्त काकांना. आपण गावाला कृपा शिकवली, या आनंदात ते धुकं बघत बसायचे.

एका गोष्टीने मात्र त्यांना कधी स्वस्थता लाभली नाही. आत्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. रविवारी ती काकांबरोबर मोहोपाड्याला उपासनेला जायची, मागे बसून सगळ्यांत मोठ्याने गाणी म्हणायची, आणि घरी येऊन तुळशीपाशी दिवा लावायची. काका हळूच विचारायचे, “आता तरी?” आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणायची, “तुमीच सांगता ना, मानसाच्या करन्यानं काय होत नाय, त्यानंच निवडायचं असतं? मंग निवडू दे की. मी कशाला रांगेत घुसू?” काका बाहेर माझ्याकडे यायचे. “माझंच शास्त्र माझ्याच अंगावर,” असं मला कौतुकाने सांगायचे. पण संध्याकाळी ओट्यावर बसले की आवाज खाली यायचा. “मी तिथे वर एकटाच पोचलो तर करू काय गं? मला चहासुद्धा करता येत नाही.” मला हसू यायचं. त्यांना येत नसायचं.

गेल्या दिवाळीनंतर आत्या गेली. साध्या तापाचं निमित्त. तिचा बाप्तिस्मा राहिला तो कायमचाच राहिला. काकांनी पाळकसाहेबांना विचारलं, ती तरली का? ते भले गृहस्थ, म्हणाले, देवावर सोपवा. काका मला म्हणाले, “सोपवलंय. पण उत्तर येत नाही गं.” त्यांनी नदीकडे बघणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून बसायचे. आंब्याला पाणी मी घालत होते.

आई रोज पेज पाठवायची, भांडी तिकडेच साचायची. एका सकाळी काका पातेलं घेऊन आले. घासलेलं होतं, पण उपडं धरलेलं नव्हतं. आईने घेतलं, आत बघितलं, सवयीने मागच्या दाराकडे बघितलं, आणि तिचा बांधच फुटला.

“काय झालं, वहिनी?”

“रिकामं आलं हो, जावईबापू. पयल्यांदाच.”

“पहिल्यांदा? मी तर कायम रिकामंच...”

मग आईने सगळं सांगून टाकलं. शेंगा, कोकमं, मागचं दार. आळीतली घरंन् घरं. मला वाटलं, संपलं. बायको गेली ती गेली, आता हा माणूस आपली जन्मभराची शिकवणही गमावून बसणार. काका ओट्यावर टेकले. मांडीवर पातेलं. समोर नदीवर धुकं साचलेलं, पलीकडचा माणिकगड त्यात दिसतही नव्हता.

“म्हणजे उपदेश मी करत होतो, आणि निस्तरत ती होती,” ते म्हणाले. मग त्यांनी मांडीवरचं पातेलं फिरवत मला विचारलं, “मी तिच्या लायकीचा होतो का गं?”

“खरं सांगू?”

“सांग.”

“मुळीच नव्हतात.”

काका हसले. आत्या गेल्यापासून पहिल्यांदा. “तरी सांभाळलं तिने मला. न सांगता, न मागता. आणि मी काळजी करत बसलोय, देव तिला ठेवून घेईल की नाही म्हणून. काय गं, तो माझ्या बायकोपेक्षा कंजूष असेल?”

मला काय कळतंय त्यातलं! पण आई दारातून डोळे पुसत म्हणाली, “छ्या! तसा असता तर वन्सं इतकी वर्सं मोहोपाड्याला गेल्या असत्या व्हय?”

काकांनी मान डोलावली. डोळे मात्र धुक्यातच राहिले.

ते अजून पातेलं रिकामंच आणतात. “पूर्ण रिकामं, वहिनी,” एवढं म्हणतात, पण हळू. आई घेते, आत बघते, आणि फळीवर ठेवायच्या आधी आपल्याच डब्यातली चिमूटभर साखर त्यात टाकते. काका उंबऱ्यात उभे राहून बघतात. त्यांच्या मताविरुद्ध आहे सगळं. साखर पडली की आमच्या स्वयंपाकघरातून, चुलीला वळसा घालून, मागच्या दाराने घरी जातात.