अकराव्या प्रसंगातला माणूस

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या कुंड्यांना पाणी घालायचं, झाडलोट करायची आणि साहेबलोकांना चहा द्यायचा, हे वागियोचं कागदावरचं काम. कागदावर नसलेलं काम म्हणजे मरायचं. ते तो चौदा वर्षं करत आला होता.

खुनाचा तपास संपत आला की आमच्याकडचे पोलीस आरोपीला घटनेच्या जागी नेतात आणि घडलं तसं सगळं पुन्हा करून दाखवायला लावतात. एकेका हालचालीला नंबर देतात, पहिला प्रसंग, दुसरा प्रसंग असा, आणि फोटो काढून कोर्टात पाठवतात. आरोपीचं काम आरोपीच करतो. मेलेल्याच्या जागी मात्र कुणीतरी लागतं. चौदा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गुराख्याच्या खुनात अशी वेळ आली तेव्हा शिपायांपैकी एकाची बायको गरोदर होती, दुसऱ्याचं लग्न ठरलं होतं, तिसऱ्याला एकाएकी ताप भरला. वागियो चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो म्हणाला, "झोपायचंच आहे ना? मी झोपतो की."

तो भाताच्या खाचरात पाऊण तास पालथा पडून राहिला. मानेवरून मुंग्या फिरल्या तरी हलला नाही. फोटोवाला खूश झाला, आणि तेव्हापासून हे काम त्याच्या गळ्यात पडलं. आतापर्यंत तो विहिरीकाठी मेला होता, साखर कारखान्यामागे मेला होता, एकदा तर केस कापायच्या खुर्चीत बसल्या बसल्या मेला होता. गल्लीतले लोक येताजाता विचारायचे, "काय वागियोकाका, आज कसे मेलात?" तो म्हणायचा, "आज बरं होतं, सावली होती." त्याची बायको रुस्मिनी बाजाराच्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात सकाळी पेचेल विकायची, म्हणजे उकडलेला पाला, मोड आलेले मूग आणि वर शेंगदाण्याची तिखट चटणी. तिला हे काम मुळीच आवडायचं नाही. तो मरून आला की ती त्याला फुलं घातलेल्या पाण्याने आंघोळ घातल्याशिवाय उंबरठा ओलांडू द्यायची नाही. तोही मुकाट्याने अंगणात बसायचा.

दानांगचा खून झाला तेव्हा वागियोला चौपन्नावं चालू होतं. दानांग ओजेकवाला, बसस्टँडवरून मोटरसायकलवर माणसं पोचवणारा, तेवीस वर्षांचा पोरगा. रिवान नावाच्या एका उतारूने त्याला सागाच्या बनाजवळच्या रस्त्यावर डोक्यात घाव घालून मारलं आणि गाडी नेली. सहाव्या दिवशी ती विकताना तो पकडला गेला. पण त्या सहा दिवसांत गावात दुसरा विषय नव्हता. टीव्हीवर रोज संध्याकाळी बनाचा रस्ता दाखवत होते. एका निवेदकाने सांगितलं की मरण्यापूर्वी दानांग हात जोडून जिवाची भीक मागत होता, "आई, आई" असा ओरडत होता. हे त्याला कुणी सांगितलं ते कुणी विचारलं नाही. त्यावर चित्रंही काढून दाखवली. चहाच्या टपरीपासून मशिदीच्या ओट्यापर्यंत लोक तेच बोलू लागले, आणि शेवटी प्रत्येकाचं म्हणणं एकच, की त्याला आमच्या ताब्यात द्या.

घटनेच्या जागी सगळं करून दाखवायचं होतं त्या दिवशी हजारावर माणूस जमलं. लोकांनी पोरं खांद्यावर घेतली होती. भजीवाल्याने गाडी आणून लावली होती. हिरव्या जाकिटातले ओजेकवाले पुढे एका रांगेत उभे होते, आणि पिवळ्या फितीच्या आत एका खुर्चीवर दानांगची आई मुर्तिनी बसली होती. दहाव्या प्रसंगापर्यंत रिवानने सांगतील ते केलं. अकराव्यात घाव घालायचा होता. तिथे त्याचा वकील त्याच्या कानाशी लागला, आणि रिवान म्हणाला की मी मारलंच नाही, माझ्याबरोबर आणखी एक जण होता, त्याने मारलं.

फौजदार हार्तोयोने कपाळ चोळलं. दानांगच्या जागी त्या दिवशी एक तरणा शिपाई होता, कारण वय जुळत होतं. वागियो नुसता पाण्याच्या बाटल्या वाटत होता. पण अंगकाठीने तो रिवानसारखाच.

"काका, आज तुम्ही उभे राहा," हार्तोयो म्हणाला.

"मी? मारायला?"

"बदली माणूस म्हणून. पाटी असते ना गळ्यात. दोन मिनिटांचं काम आहे."

ते दोन मिनिटांत झालं नाही. फोटोवाल्याला कोन पटेना, म्हणून वागियोने चार वेळा लाकडी दांडा उचलला आणि चार वेळा शिपायाच्या डोक्याजवळ आणून थांबवला. दर वेळी गर्दीतून आरोळी उठली. मेलेला असताना बायका त्याच्याकडे बघून डोळे पुसायच्या. आज पाण्याची भरलेली बाटली येऊन त्याच्या खांद्यावर आदळली. गळ्यातल्या पाटीवर वर मोठ्या अक्षरांत 'आरोपी' आणि खाली बारीक अक्षरांत 'बदली माणूस' लिहिलं होतं. हात उचलला की सदऱ्याची घडी नेमकी खालच्या ओळीवर यायची.

तसाच फोटो कुणीतरी मोबाइलवर काढला. संध्याकाळपर्यंत गावाच्या बातम्या देणाऱ्या इंटरनेटवरच्या एका पानावर तो आला, खाली दोनच शब्द: 'हाच तो.' दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांनीही बातमीच्या मागे तो लावला.

सकाळी रुस्मिनीच्या टोपलीतला पाला तसाच राहिला. रोजचं गिऱ्हाईक समोरून जायचं, पण मान वळवून. खरं तर बाजारातल्या निम्म्या लोकांना वागियो कोण ते ठाऊक होतं. पण ठाऊक असलेले गप्प राहिले आणि नसलेले बोलत राहिले. मुलगी दूरच्या शहरात शिलाईच्या कारखान्यात होती, तिचा रडत फोन आला; बरोबरीच्या बायकांनी तिचं ताट वेगळं ठेवलं होतं. एक अनोळखी माणूस घरासमोर गाडी थांबवून फोटो काढून गेला. पोलिसांनी खुलासा छापला, त्या पानाने फोटो काढून टाकला आणि चार ओळींत चूक झाल्याचं लिहिलं. फोटो चाळीस हजार लोकांनी पाहिला होता, खुलासा तीनशेंनी. त्यातले काही तर म्हणाले की हा पोलिसांचाच माणूस दिसतो, म्हणून लपवतायत.

लारास नावाची स्थानिक वर्तमानपत्राची वार्ताहर घरी आली. पाटीच्या दोन्ही ओळी दिसतील असा फोटो तिच्याकडे होता आणि तो तिने छापून आणला होता. त्याने फारसा फरक पडला नव्हता. तिने वागियोला विचारलं, तुम्हाला लोकांचा राग येतो का? तो म्हणाला की राग येत नाही, नवल वाटतं. चौदा वर्षं मी यांचे मेलेले लोक झालो, तेव्हा माझा चेहरा कुणाला आठवला नाही.

हार्तोयोने घरी येऊन त्याला दोन आठवडे कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. त्याला वाईट वाटत होतं हे उघड दिसत होतं, पण निघताना बजावून गेला, "खटला उभा राहीपर्यंत फायलीतलं काही कुणाशी बोलायचं नाही. वकील टपून बसलाय."

दहाव्या दिवशी वागियो दुकानामागे शेंगदाणे कुटत होता. रुस्मिनी आत आली आणि हळूच म्हणाली, "अहो, बाहेर दानांगची आई आलीये."

मुर्तिनी बाकड्यावर बसली होती. लहान चणीची बाई, डोक्यावरचा रुमाल नीट बांधलेला. वागियो हात पुसत समोर आला, पण बसला नाही.

"तुम्हीच होतात ना तिथे?"

"हो, बाई. बदली म्हणून."

"ठाऊक आहे. मी फितीच्या आत होते, तुमची पाटी पूर्ण वाचली मी." थोडा वेळ ती बोटांनी बाकड्याची कड चाचपत राहिली. "टीव्हीवर सांगतात की तो हात जोडत होता. मला हाका मारत होता. शेजारणी येतात आणि पुन्हा पुन्हा तेच बोलून रडतात. पोलिसांना विचारलं तर म्हणतात, कोर्टात कळेल. तुम्हाला माहीत असेल. खरं आहे का ते?"

वागियोला हार्तोयोचं बजावणं आठवलं. रुस्मिनी चटणीच्या पातेल्यावर हात तसाच ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला.

"माझी समजूत घालायला सांगू नका."

"समजूत घालायची असती तर दुसरं काहीतरी बोललो असतो. मी चार वेळा केलंय ते, बाई. प्रत्येक पाऊल कुठे पडलं ते मला करून दाखवलंय त्यांनी. त्या माणसाने पिशवी सैल झाली म्हणून गाडी थांबवायला लावली. तुमचा पोरगा वाकून दोरीला गाठ मारत होता. पाठमोरा. घाव मागून आला, एकच. डॉक्टरांच्या कागदातही एकच आहे. दोरी त्याच्या मुठीत तशीच सापडली. हात जोडायला हात मोकळे नव्हते त्याचे. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

रस्त्यावरून दोन मोटरसायकली गेल्या. मग मुर्तिनी म्हणाली, "कुणाची पिशवी लोंबताना दिसली की त्याला राहवायचंच नाही. उतारूने सांगायचीही गरज नसायची." तिने डोळे पुसले, आणि इतके दिवस ज्याने तिला झोपू दिलं नव्हतं ते थोडं हललं असावं, कारण तिने रुस्मिनीकडे पेचेलचं एक पुडकं मागितलं. तिखट कमी.

पुडकं घेऊन ती उठली. "तुमच्यावर राग नाही माझा. पण काही दिवस माझ्यासमोर येऊ नका, भाऊ. तुम्हाला पाहिलं की तो वर उचललेला हात दिसतो."

"नाही येणार," वागियो म्हणाला.

तिथून ती सरळ बसस्टँडवर गेली आणि ओजेकवाल्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला वडीलधारा पार्यो तिघांना घेऊन दुकानावर आला. माफीबिफी कुणी मागितली नाही. पार्योने एवढंच म्हटलं, "वहिनी, चार द्या, माझ्यात मिरची जास्त." हिरवी जाकिटं बाकड्यावर दिसली तशी बाकीची गिऱ्हाइकंही एकेक करून परतली. मुर्तिनीने लारासलाही बोलावून सांगितलं की माझ्या मुलाने भीक मागितली नव्हती, तसं लिहा. लारासने लिहिलं. टीव्हीवाले मात्र त्यांच्या चित्रांबद्दल कधीच काही बोलले नाहीत.

वागियो कामावर परतला त्या दिवशी हार्तोयोने त्याला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "तुम्ही मेलेले असता तेच बरं असतं," तो म्हणाला. "बोलायला लागलात की पंचाईत." वागियोने खाली मान घातली. मग हार्तोयोनेच विचारलं की बाईंना थोडं बरं वाटलं का, आणि चहा आणायला सांगितला.

खटला सात महिने चालला. तो दुसरा माणूस कुठे सापडला नाही, कारण तो नव्हताच. रिवानला अठरा वर्षांची सजा झाली. कोर्टाबाहेर जमलेल्यांना फाशी हवी होती, त्यांनी थोडा वेळ घोषणा दिल्या. मुर्तिनीच्या तोंडासमोर पाच-सहा माईक आले, न्याय मिळाला का, असं सगळे विचारू लागले. ती म्हणाली, "मला घरी जायचंय." पार्योने तिला गाडीवर बसवलं आणि नेलं. पुढच्याच महिन्यात नदीपलीकडे एका दुकानदाराचा खून झाला आणि टीव्हीच्या गाड्या तिकडे वळल्या.

मुर्तिनी आता दर गुरुवारी पेचेल न्यायला येते. वागियो दुकानावर असेल तर जरा लांब, फळवाल्याच्या छपराखाली उभी राहते. तो आत गेला की पुढे येते. तोही तिला पाहिलं की आत जातो. याबद्दल दोघांत कधी बोलणं झालेलं नाही.

वागियोने हार्तोयोला सांगून टाकलंय की हवं तितक्या वेळा मरेन, पण मारणार नाही. ते त्याने मान्य केलं. त्या दुकानदाराच्या जागी तोच पडला होता, पोत्यांच्या मधे, कुशीवर. एक गोष्ट मात्र त्याने नवी सुरू केली आहे. आडवं होण्याआधी तो डॉक्टरांचा कागद मागून घेतो, चष्मा लावून सावकाश वाचतो, न समजलेले शब्द विचारतो. शिपाई हसतात की काका आता मरणाचा अभ्यास करतात. तो त्यांना हसू देतो, कागद परत करतो, आणि मग जमिनीवर अंग टाकतो.