कोचीहून आलेला बिल्ला

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. आजही येतं. तळेगावच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल बघतो, त्यामुळे तपासल्याशिवाय काही पटत नाही. तरीही हे लिहितोय.

मला जुन्या इनॅमलच्या बिल्ल्यांचा नाद आहे. नौदलातल्या कुटुंबांसाठी कल्याण संस्था असायच्या, त्यांच्या सभासद बायका साडीवर लावायच्या ते बिल्ले. गेल्या हिवाळ्यात असाच एक कोचीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला. निळ्या इनॅमलवर पांढरा नांगर... फार देखणा! रविवारी गावी, तिकोणा पेठेला गेलो, तेव्हा आईला दाखवायला नेला.

आईचा सगळा जन्म शेतात गेला. समुद्रही तिनं पाहिलेला नाही. शेंगा निवडता निवडता तिनं बिल्ला हातात घेतला आणि शांतपणे म्हणाली, "ह्यो तुजा न्हाई. जिचा हाय तिला दिऊन ये. घोरावाडी टेशनापाशी ऱ्हाती. दारात बकुळ हाय."

मी हसलो. पण आईच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नव्हतं, आणि ती घोरावाडीला कधी उतरलेलीही नाही. तिचं म्हणणं खोटं ठरवायचं म्हणून परतताना मुद्दाम तिकडे वळलो.

स्टेशनमागच्या गल्लीत बकुळीचं झाड होतं. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. घरात कुणी नौदलात होतं का, एवढंच विचारलं. यजमान होते, म्हणाल्या. मी बिल्ला पुढे केला. त्यांनी नांगराकडे पाहिलंच नाही, थेट उलटा केला आणि मागच्या पिनेवरून अंगठा फिरवला.

"पिन तुटली होती. यांनी बोटीवर स्वतः कथलाचा डाग देऊन बसवली," त्या म्हणाल्या. "कोची सोडताना सामानात हरवला. पुढच्याच सफरीवर हे गेले... परत आले नाहीत."

बिल्ला त्यांनी मागितला नाही. मीच त्यांच्या हातात ठेवून निघालो.

आईला फोन करून खोदून खोदून विचारलं. "मला काय ठावं? हातात घेटला आन् तोंडातनं आलं," ती म्हणाली. "दिलास न्हवं? मग झालं."

योगायोग म्हणावा, तर त्या बकुळीचं काय करू? संग्रह मात्र चालू आहे. फक्त नवा बिल्ला आला की आधी आईच्या हातात देतो. ती उलटसुलट बघते, "ठेव" म्हणते... मगच तो माझा होतो.